डांबर कोरडं असेल तर फोर व्हील काढा: जांबोटीकडच्या भावांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जांबोटीच्या बाजूच्या एका शेतकरी भावांनी जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना ताकद देता येणारी पिकअप घेतली. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची पाणंद पावसाळ्यात नुसता चिखल, म्हणून ते फोर व्हील टाकूनच बाहेर पडायचे आणि रताळ्यांची पोती घेऊन तसेच बेळगावच्या मार्केट यार्डापर्यंत यायचे. "ग्रिप चांगली मिळते, काढायची कशाला?" असं गाडी विकणाऱ्यानं सांगितलं होतं. आता पाऊस गेला, रस्ता कोरडा झाला, आणि यार्डात गाडी वळवताना ती अडखळायला लागली आहे. टायर ओरडतात, स्टेअरिंग जड येतं, आणि लिव्हर टू-एचवर, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर आणली तरी डॅशबोर्डवरचा फोर व्हीलचा दिवा लवकर जात नाही. गाडीत काय बिघडलंय आणि कोरड्या रस्त्यावर फोर व्हील चालवल्यानं खरंच नुकसान होतं का, हे त्यांना विचारायचंय.

होतं, भाऊ. तुम्ही सांगताय त्यावरून गाडीत बहुतेक अजून काही मोडलेलं नाही. गाडी तुम्हाला कळवतेय की तिच्या अंगात पीळ भरलाय. पण असंच रोज चालवलंत तर मोडेल, आणि जे मोडेल त्याचा खर्च तुमच्या एका हंगामाच्या रताळ्यांतून सहज भागणार नाही.

मी बेळगावात उद्यमबागेच्या मागच्या अंगाला २६ वर्षं गाड्या दुरुस्त करायचं हेच काम करतोय. सुरुवात जुन्या जीपांवर झाली, ज्यांच्या पुढच्या चाकाचे हब, म्हणजे चाकाच्या मधले तुंबे, खाली उतरून हातानं फिरवून लॉक करावे लागायचे. त्या गाड्यांवर शिकलेले ड्रायव्हर ही चूक सहसा करत नव्हते, कारण हब लॉक करायला चिखलात उतरावं लागे आणि डांबर लागलं की ते सोडवायलाही उतरावं लागे. आता सीटवर बसून बटण फिरवलं की काम होतं. सोय झाली हे चांगलंच आहे, पण ते बटण फिरवल्यावर खाली काय होतं हे गाडी देताना कुणी सांगत नाही, आणि त्याची किंमत नंतर तुमच्यासारखा माणूस भरतो.

खाली काय होतं ते सांगतो. तुमची पिकअप टू-एचमध्ये असते तेव्हा इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. पुढची चाकं मोकळी, रस्ता फिरवेल तशी फिरतात. फोर-एच, म्हणजे चारी चाकं टाकली की ट्रान्सफर केस (ताकद पुढं-मागं वाटणारी गिअरची पेटी) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे एक्सलपर्यंत ताकद नेणारे लांब दांडे, एकमेकांना घट्ट बांधून टाकते. मागचा एक फेरा तर पुढचाही एकच फेरा, कमी नाही की जास्त नाही. सरळ वाटेवर ते चालून जातं. वळणावर मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांची वाट वेगळी होते.

खळ्यावर बैलांनी मळणी होताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. तिवड्याजवळचा, म्हणजे मधल्या खांबाजवळचा बैल जागच्या जागी फिरल्यासारखा हळू चालतो, बाहेरच्या कडेचा भरभर चालतो. म्हणून म्हातारा बैल आत आणि उमदा बाहेर बांधायचे. सगळ्यांनी मोजून सारखीच पावलं टाकायची असं ठरवलं तर दावी ताणतील आणि कुणाची तरी मान सोलून निघेल. गाडी वळते तेव्हा मागची चाकं तिवड्याजवळून जातात, पुढची बाहेरच्या कडेनं.

आकड्यात सांगतो. तुमच्यासारख्या पिकअपच्या पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर साधारण ३.१ मीटर. यार्डात आखूड वळण घेताना मागच्या एक्सलचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या गोलावर चालतोय असं धरा. पुढच्या एक्सलचा मध्य मग सुमारे ६.७५ मीटरच्या गोलावर जातो. काटकोनात वळेपर्यंत मागचा ९.४ मीटर चालतो, पुढचा १०.६ मीटर. म्हणजे एका वळणात जवळजवळ १.२ मीटरचा फरक. टायरचा घेर २.४ मीटर धरला तर पुढच्या चाकांना अर्धा फेरा जास्त फिरायचंय, आणि शाफ्टच्या हिशेबात तो फरक सुमारे दोन फेऱ्यांचा होतो, कारण चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट साधारण चार वेळा फिरतो. ट्रान्सफर केस तर एकही फेरा जास्त द्यायला तयार नाही.

तो फरक कुठं तरी निघायलाच पाहिजे. तुमच्या पाणंदीत तो चिखलात निघतो. चाक किंचित घसरतं, माती थोडी सरकते, तुम्हाला कळतही नाही. मुरमावर खडे सरकतात. कोरडं डांबर आणि काँक्रीट टायरला धरून ठेवतं. मग शाफ्ट पिळतात, क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यावर) ताण येतो, ट्रान्सफर केसमधली चेन ताठते, आणि ताण टायरच्या पकडीपेक्षा जास्त झाला की टायर एकदम सुटतो. तुम्हाला जो झटका बसतो, जी "कुच" करून ओरड ऐकू येते, ती हीच. सुटल्यावर लगेच पुन्हा पीळ भरायला सुरुवात होते. गाडी उड्या मारल्यासारखी वळते ते त्यामुळं. दिवा जात नाही त्याचं कारणही हेच आहे. लिव्हर टू-एचवर आली तरी आतली सरकती बाही पीळ भरलेल्या दातांत आवळून बसलेली असते, बाहेर निघत नाही.

"मी तर सरळ रस्त्यानंच येतो, वळणं थोडीच" असं पुष्कळ जण म्हणतात. त्यांच्यासाठी टायरचं सांगतो, कारण हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. आपल्याकडं पिकअपला दोन नवे टायर घ्यायचे, ते एका एक्सलला घालायचे आणि जुने दुसऱ्याला ठेवायचे ही पद्धत आहे. पैशांची ओढ असते, मी नावं ठेवत नाही. पण मागचे नवे आणि पुढचे ६ मिलिमीटर झिजलेले असतील तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला घेरात पावणेचार सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो. किलोमीटरभरात चाक चारशेच्या वर फेरे घेतं. म्हणजे अगदी नाकासमोर सरळ चाललात तरी दर किलोमीटरला सुमारे १५ मीटरचा हिशेब चुकतो. तेवढं लोखंड पिळत नाही, म्हणून टायर सारखे घासत, सुटत, घासत येतात. हवा कमी-जास्त असली तरी थोडंफार हेच होतं. फोर बाय फोर गाडीला चारी टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. माप तर अजिबात वेगळं चालणार नाही.

नुकसान कसं दिसतं तेही सांगतो, म्हणजे मी उगाच भीती घालतोय असं वाटायला नको. मागच्या वर्षी उसाच्या हंगामात चिकोडीकडची एक पिकअप आली. मालक म्हणाले, खालून कडकड आवाज येतो आणि साठच्या वर गेलं की फरशी थरथरते. गाडी जॅकवर घेऊन पुढच्या शाफ्टचा क्रॉस काढला. कप उघडला तर आतल्या बेअरिंगच्या सुया दिसतच नव्हत्या. त्यांच्या जागी विटकरी रंगाची पूड होती, बोटाला लागली की तपकिरीसारखी. क्रॉसच्या खांद्यावर सुयांनी एकेक खाच पाडलेली, नखानं मोजता येईल इतकी खोल. ट्रान्सफर केसचं तेल काढलं तर त्यात चंदेरी चमक होती, आणि झाकण उघडल्यावर कळलं की चेन सैल होऊन आतल्या भिंतीला घासत होती. ॲल्युमिनियमवर चेनचा अर्धगोल घासून उमटला होता. ती गाडी दीड वर्ष फोर-एचमध्येच चालत होती. मालकांना ते माहीतच नव्हतं, आधीच्या ड्रायव्हरनं बटण फिरवून ठेवलेलं आणि दिव्याचा बल्ब गेलेला. क्रॉस, चेन, सील, पुढचे दोन टायर सगळं बदलावं लागलं. म्हणून माझ्याकडं फोर बाय फोर गाडी आली की मी आधी तो दिवा लागतो की नाही ते बघतो.

आता तुमची गाडी मोकळी कशी करायची ते. सरळ, मोकळी जागा बघा. गाडी थांबवा, लिव्हर टू-एचवर आणा. मग रिव्हर्समध्ये, स्टेअरिंग सरळ ठेवून, पाच-दहा मीटर हळू मागं जा. पुढं जाताना भरलेला पीळ मागं जाताना उलगडतो, आणि बऱ्याचदा "टक" असा आवाज येऊन दिवा जातो. नाही गेला तर मागं-पुढं करताना स्टेअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं द्या. तरीही नाही सुटलं तर एका बाजूची दोन चाकं रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरवा आणि पन्नासेक मीटर चालवा, माती पीळ सोडवून घेते. एवढं करूनही दिवा तसाच असेल तर बिघाड वेगळा आहे. सरकवणारी मोटर, व्हॅक्यूमची नळी, वायर किंवा सेन्सर, काहीही असू शकतं. तेव्हा गॅरेजला या.

दोन गोष्टी मात्र करू नका. लिव्हरवाली गाडी असेल तर जोर लावून लिव्हर ओढू नका, आतला गिअर सरकवणारा फोर्क वाकतो. आणि पीळ भरलेली गाडी घरी जॅक लावून चाक उचलून मोकळी करायला जाऊ नका. आमच्याकडं एका पोरानं पुढच्या चाकाखाली जॅक लावला होता. टायर जमिनीपासून सुटला त्याच क्षणी चाक झटक्यानं स्वतःहून फिरलं, कुणी हात न लावता. त्याची बोटं स्पोकच्या बाहेर होती म्हणून वाचली. पोलादात किती ताकद साठून राहते ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून असं काम मी स्वतः उभा राहिल्याशिवाय कुणाला करू देत नाही.

सगळ्याच गाड्यांना हे लागू नाही, म्हणून आपली कुठल्या जातीची ते ओळखा. बटणावर किंवा लिव्हरवर टू-एच, फोर-एच, फोर-एल अशा खुणा असतील आणि मधल्या डिफरन्शियलचा (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरसंचाचा) कुठं उल्लेख नसेल तर ती पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती फोर व्हील. जुनी जिप्सी, थार, जिम्नी, इसुझूची व्ही-क्रॉस, २०२२ साली आपल्याकडं आलेली हायलक्स, या सगळ्या याच जातीच्या, आणि आपल्या भागात दिसणारी बहुतेक फोर बाय फोर पिकअप अशीच असते. काही गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्येही डिफरन्शियल असतं, ते वळणावरचा फरक सोडून देतं, आणि त्या गाड्या चारी चाकांवर डांबरावर बिनधास्त चालतात. २००९ मध्ये आपल्याकडं आलेली पहिली फॉर्च्युनर तशी होती. २०१६ च्या नव्या फॉर्च्युनरला मात्र टू-एच, फोर-एच आलं. एकच नाव, पण आत दोन वेगळ्या गाड्या. म्हणून शेजाऱ्याची फॉर्च्युनर चालते तर माझी पिकअप का नाही, असा हिशेब लावू नका. गाडीबरोबरच्या पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं असतं. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेक मिळतं.

ओल्या डांबराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमची वाट बघता सांगायलाच पाहिजे. चोर्ला घाटात पावसाळ्यात धुकं आणि पाऊस असला की लोक फोर-एच टाकून उतरतात आणि त्या भरवशावर जरा जोरात उतरतात. मला याची फार काळजी वाटते. एक तर स्वच्छ ओलं डांबरही टायरला बऱ्यापैकी धरतं. तिथल्या आखूड वळणांवर पीळ भरतोच, फक्त ओरड ऐकू येत नाही. दुसरं म्हणजे फोर-एचमध्ये आखूड वळणावर गाडी नाक वळवायला कां-कूं करते, पुढची चाकं बाहेरच्या बाजूला सरकू बघतात, आणि घाटात बाहेरची बाजू म्हणजे दरी. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. फोर व्हीलनं ब्रेक वाढत नाही. ब्रेक टू-एचमध्येही चारी चाकांना असतातच. फोर-एचनं गाडी जागची हलायला मदत होते, थांबायला काहीच होत नाही. उलट पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधलेली असल्यानं एबीएसला (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेला) प्रत्येक चाक वेगळं सांभाळणं कठीण जातं. घाट उतरताना टू-एच, खालचा गिअर, कमी वेग. चांगले टायर मात्र हवेत. टायरच्या खोबणीत झिजेची खूण असते, खोबण १.६ मिलिमीटर उरली की ती रबराच्या बरोबरीनं येते. मी तर पावसाळ्याआधी ३ मिलिमीटरलाच टायर बदला म्हणून सांगतो, कारण आपल्या कणकुंबीसारखा पाऊस झेलायला खोबण खोल हवी.

वळवाच्या पहिल्या सरीला मात्र सांभाळा. उन्हाळाभर सांडलेलं तेल आणि धूळ त्या पाण्यात मिसळून डांबरावर साबणासारखा थर होतो. उसाच्या दिवसांत निपाणी-चिकोडीकडं ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली काळी माती ओली झाली की तेच. असा एखादा पट्टा समोर आला म्हणून फोर व्हील टाकायची गरज नाही. आधीच वेग कमी करा, स्टेअरिंग सरळ ठेवा, मधेच ब्रेक मारू नका. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं असतं, ते पहिलं घसरतं. रिकामं परत जाताना मागच्या एक्सलच्या वर तीन-चार वाळूची पोती टाकून घट्ट बांधून ठेवा, फोर-एचपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

मग फोर व्हील कधी? तुमच्या पाणंदीत, दररोज, बिनधास्त. चिखल, ओलं गवत, नदीकाठची वाळू, खानापूरच्या जंगलवाटांवरचा तांबडा निसरडा चढ, उसाच्या फडातून भरलेली गाडी बाहेर काढायची असेल तेव्हा. पण चिखलात शिरायच्या आधी टाका. चाक जागच्या जागी फिरून खड्डा पाडल्यावर टाकलं तर पुढची चाकंही त्याच खड्ड्यात खणत जातात. फोर-एल अगदी हळू कामासाठी आहे. त्यात चाकाला मिळणारा जोर साधारण अडीच पट होतो आणि वेग तेवढाच कमी. भरल्या गाडीनं उभा चढ, ओढ्याचा काठ, किंवा निसरड्या मातीच्या उतारावर ब्रेक न दाबता हळूहळू उतरायचं असेल तर फोर-एल. बहुतेक गाड्यांत ते टाकायला गाडी थांबवून न्यूट्रल करावी लागते. मागच्या डिफरन्शियलचं लॉकचं बटण असेल तर ते आणखी सांभाळून वापरा. ते डावं-उजवं चाकही बांधून टाकतं, आणि डांबरावर त्यात वळणं म्हणजे एक्सलवर सरळ घाव.

आणखी एक, कारण काही जण हे सगळं ऐकून उलट टोकाला जातात आणि वर्षभर बटणाला हातच लावत नाहीत. मग पावसाळ्यात गरज पडते तेव्हा ते चालत नाही. सरकणारे भाग जाम होतात, सील सुकतात, पुढच्या डिफरन्शियलमधलं तेल एका जागी बसून राहतं. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर पाच-दहा किलोमीटर फोर-एचमध्ये चालवा, तुमची पाणंद त्यासाठी आयतीच आहे. ओढ्यातून गाडी गेली असेल तर चार दिवसांत तिन्ही ठिकाणचं तेल तपासून घ्या, पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, ते तसं ठेवून एक दिवसही चालवू नका.

तुमच्या गाडीचं आता असं करा. उद्या घरून निघताना पाणंदीत फोर-एच टाका, जिथं डांबर सुरू होतं तिथं थांबा, टू-एच करा, आणि दिवा गेल्याशिवाय पुढं निघू नका. गेला नाही तर तिथल्याच मातीत मागं-पुढं करा. मग बेळगावपर्यंत टू-एचमध्ये या आणि यार्डात तेच वळण घेऊन बघा. अडखळणं गेलं असेल तर काळजीचं कारण नाही, फक्त चारी टायरची खोबण मोजून घ्या. टू-एचमध्येही "टक-टक" येत असेल, किंवा गाडी उभी असताना गिअर टाकल्यावर खालून ठोका ऐकू येत असेल, तर क्रॉस गेलेत. ते लवकर बदलून घ्या. क्रॉस सुटून शाफ्ट रस्त्यावर आपटला की ट्रान्सफर केसचं तोंडही सोबत जातं, आणि मागून मोटरसायकलवर येणाऱ्या माणसाच्या पुढ्यात ते लोखंड येऊन पडतं.

वाटेत एखाद्या मोकळ्या मैदानात एकदा हे करून बघा, माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा ते जास्त पटेल. टू-एचमध्ये, पहिल्या गिअरात, स्टेअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटरला पाय न लावता सोडा, गाडी सहज फिरत राहील. मग फोर-एच टाकून कोरड्या घट्ट जमिनीवर तसंच फक्त दोन-तीन मीटर सोडा. कुणी मागून दोरीनं धरून ठेवल्यासारखी ती मंदावेल, कदाचित इंजिनच बंद पडेल. लगेच स्टेअरिंग सरळ करून मागं घ्या आणि टू-एच करा. घरात जो कुणी ती गाडी चालवतो, मुलगा असो की ड्रायव्हर, त्यालाही शेजारी बसवून हे दाखवा.